काळी चारचा पियानो

बाई, आले मी ऐकायला. उशीर झाला, ते कबूल आहे.

दर रविवारी सकाळी तुमचा साताऱ्याला फोन यायचा. भाजी काय केली, कुठल्या विद्यार्थिनीला मुलगी झाली, गुडघा कसा आहे, असं सगळं बोलून झालं की ठेवताना तुमचं एकच वाक्य असायचं, "मग कधी येतेस ऐकायला?" मी म्हणायचे, "येते बाई, सुट्टी लागू दे." साताऱ्याहून सांगली म्हणजे काही काशी नव्हे. एसटीत एक डुलकी काढली की आलंच. पण अकरा वर्षांत मला ती सुट्टी लागली नाही. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मात्र रजा मागायला मला एक मिनिट लागलं.

तुम्ही परीक्षेचा निकाल सांगताना आधी पास की नापास ते सांगायचात आणि मग पेपर काढून बसायचात. जीव टांगणीला लागलेल्या पोरीला काही शिकवता येत नाही, असं तुमचं मत होतं. मीही तसंच करते. पास झालात, बाई. एकोणतीसच्या एकोणतीस रचना पुण्याच्या त्या संगीत-अभिलेखागाराने घेतल्या. तुम्ही ज्याला 'पुण्याचं कपाट' म्हणायचात, त्या कपाटात आता तुमचा एक अख्खा कप्पा आहे. आता निवांत बसा आणि पेपर कसा गेला ते ऐका. त्यात एक जागा अशी आहे की तिथे मला अजून लाज वाटते, ती पण सांगणार आहे.

तुमचा जन्म, शिक्षण, सत्कार हे सगळं पेपरात येऊन गेलं. फोटो जुनाच छापला, त्यात चष्मा वाकडा आहे. 'सांगलीतल्या पियानोच्या पहिल्या प्राध्यापिका' असं लिहिलंय, जणू दुसऱ्या आणि तिसऱ्या मागे रांग लावून उभ्या आहेत. मला त्यातलं काहीच लिहायचं नाही. मला आठवतो तो कॉलेजातला मागचा वर्ग, खिडकीबाहेरचा नळ आणि तुमच्या अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल. मी तासगावची, बेदाण्याच्या शेडवरून थेट पहिल्या तासाला आलेली. तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत आणि म्हणालात, "आधी त्या नळावर जा. पियानो वाजवायचा असतो, खायचा नसतो." साबण तुमच्या पर्समध्ये होता. नंतर कळलं की तो शिकायला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोरीसाठी होता आणि त्याबद्दल तुम्ही कुणाला कमी लेखत नव्हतात. तुम्ही स्वतः शिराळ्याच्या शेतातून आला होतात आणि तुमचेही हात कुणीतरी असेच धुवायला लावले होते.

ती लाल पेन्सिल कशालाच सोडायची नाही. दहापैकी मार्क. माझ्या लग्नाला तुम्ही आलात आणि आहेराच्या पाकिटावर लिहून दिलंत, 'जेवण सात, नवरा आठ, बँड शून्य.' ते पाकीट नवऱ्याने फ्रेम करून लावलंय, पाहुण्यांना दाखवतो. माझ्या चहाला तुम्ही कायम सहा दिलेत. नऊ एकदाच दिलेत, एका मुलीने चुकीचा सूर लागल्यावर न थांबता पुढे वाजवलं म्हणून. दहा मात्र कुणालाच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "दहा दिले की माणूस परत येत नाही."

एवढं शिकवलंत, पण स्वतःची एक ओळही आम्हाला कधी वाजवून दाखवली नाहीत. आधी मोठ्यांचं शिका, मग माझं बघू, असं म्हणायचात. घरी आलो की चहा मिळायचा, पोहे मिळायचे आणि पियानोचं झाकण बंद असायचं, वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर घड्याळ. तुम्ही रचना करता हे आम्हाला तुम्ही निवृत्त झाल्यावर कळलं, तेही एकदम एकोणतीस. मी केवढी खूश झाले होते. पुण्यात मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला. तुमची बोटं तेव्हा दुखायला लागली होती, म्हणून तीन रचना मी वाजवायच्या असं ठरलं.

त्या दिवशीचं आपण दोघींनी नंतर कधी नीट काढलंच नाही, म्हणून आज काढते. सभागृहातला तो काळा लांबलचक पियानो, सकाळीच सुरात लावून ठेवलेला. 'नागपंचमी, दुपारी' ही तुमची सगळ्यांत मोठी रचना मी शेवटी ठेवली होती. तिच्यात तुम्ही जागोजागी थांबे लिहिलेत. खर्जातला सा आणि पंचम दाबायचा, पेडल धरायचं आणि आठ मात्रा नुसतं बसायचं. मी बसले. पहिल्याच थांब्यात समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी संपलं समजून टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. मी घाबरून पुढचे थांबे चार-चार मात्रांतच उरकले. कार्यक्रमानंतर लोक तुम्हाला भेटले आणि चहा छान होता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण एसटीने निघालो. मग खंबाटकीच्या घाटात मला राहवलं नाही.

"बाई, त्या थांब्यांमध्ये काही नाहीये."

"आहे."

"काय आहे?"

"तुझे हात घाई करतात. ऐकत नाहीत."

"ऐकायचं काम कानांचं असतं बाई. आणि माझ्या कानांना तुमची रचना कोरडी लागते. सॉरी, पण लागते."

तुमचा राग आला की शिराळा बाहेर यायचा. "गप ए. लय शानी झालीस," असं म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत बसलात. साताऱ्याला मी उतरले, तुमची बॅग नीट वर सरकवून दिली, तरी बोलला नाहीत. गाडी सुटताना मात्र काच सरकवलीत आणि म्हणालात, "घरी ये. घरच्या पियानोवर ऐक." मी हसून हात केला. मनात म्हटलं, आपल्या घरचं सगळ्यांनाच गोड लागतं.

आता ती लाजेची जागा. वर्षभराने तुमच्या रचना पुण्याच्या कपाटाकडे गेल्या आणि त्यांनी त्या मत मागायला, मी पियानो शिकवते म्हणून, माझ्याकडे पाठवल्या. नाव गुप्त राहील म्हणाले. मी त्यांना सांगू शकले असते की या माझ्या बाई आहेत, दुसऱ्या कुणाला विचारा. सांगितलं नाही. मला वाटलं, प्रामाणिकपणा म्हणजे हाच. दीड पान लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, 'रचना कागदावर देखण्या आहेत, पण कानाला कोरड्या लागतात. विशेषतः त्यांतले दीर्घ विराम रिकामे आहेत.' महिन्याभरात तुमचं बाड परत आलं. त्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "पुण्याच्या कपाटात जागा नाही म्हणे." आणि लगेच, "आज काय भाजी?" मी म्हटलं, वांगं. पुढे अकरा वर्षं आपण भाजीवर बोललो. ते मत माझं होतं, हे माझ्या तोंडून निघालं नाही. दर रविवारी वाटायचं, आज सांगू, आणि दर रविवारी भाजीच निघायची.

तुमच्या तेराव्याला आले आणि दुसऱ्या दिवशी कागद आवरायला थांबले. तुमचे भाऊ, सुभेदार दादा, शिराळ्याहून आलेच होते. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली तरी घर अजून कवायतीनेच आवरतात. तीन दिवसांत फ्लॅट मोकळा करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पुराच्या धसक्याने तुम्ही मुद्दाम पहिल्या मजल्यावर घर घेतलंत, त्यामुळे पियानो खाली कसा न्यायचा याचीही त्यांनी कागदावर दोराचा नकाशा काढून योजना केली होती. पियानो कुठल्याशा शाळेला द्यायचा आणि देण्याआधी नीट सुरात लावून द्यायचा, म्हणून पुण्याहून ट्यूनर बोलावला होता.

"आवं म्याडम, ह्यो डबा शिराळ्याला न्हेऊन मी करू काय? गोठ्यात ठिवू? शाळंत पोरं तरी वाजवतील."

मला पटलं. मी आतल्या खोलीत तुमच्या फायली काढून बसले. बाहेरून ट्यूनरचा एकेक सूर येत होता. तुम्ही सगळं जपून ठेवलं होतंत. विजेची बिलं, विद्यार्थिनींची पत्रं, आमच्या जुन्या उत्तरपत्रिका. 'पुणे' असं लिहिलेल्या फायलीत ते नकाराचं पत्र होतं आणि त्याला टाचलेली माझी ती दीड पानं. नाव नव्हतं, टाइप केलेली होती.

'कोरड्या' या शब्दाखाली लाल रेघ होती. बाजूला तुमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वैजू.' तेवढंच, माझं नाव. एका शब्दावरून ओळखलंत. अर्थात ओळखणारच, तो शब्द मी घाटात तुमच्या तोंडावर फेकला होता. एके ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं होतंत. आणि शेवटी, पानाच्या तळाशी, उत्तरपत्रिकेवर देता तसे मार्क दिले होते. 'मत प्रामाणिक. ८/१०. घरी येऊन ऐकलं नाही म्हणून दोन कापले.'

बाई, मी तिथेच फरशीवर बसून रडले. तुम्हाला अकरा वर्षं माहीत होतं. दर रविवारी माहीत असून तुम्ही मला भाजी विचारलीत आणि दर रविवारी ते दोन मार्क परत मिळवायची संधी दिलीत. मला वाटायचं, तुम्ही आग्रह करताय. तुम्ही फेरपरीक्षा घेत होतात.

मग एकदम ध्यानात आलं की बाहेर ट्यूनरचं काम सुरू आहे. घरी येऊन ऐकलं नाही. घरच्या पियानोवर ऐक. मी धावत बाहेर गेले आणि त्या बिचाऱ्या माणसाचा हातच धरला. ते पन्नाशीचे, सज्जन गृहस्थ. रागावले नाहीत. उलट स्वतःच गोंधळलेले होते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "हा पियानो बिघडलेला नाहीये. हा कुणीतरी मुद्दाम असा लावलाय. मी मधलं एक सप्तक नेहमीसारखं करून बसलो आणि मग शंका आली. असं माझ्या उभ्या आयुष्यात बघितलं नाही."

वाचणाऱ्यांना म्हणून इथे सांगते, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पियानोचे बारा सूर एकमेकांपासून सारख्या अंतरावर बसवतात. त्यामुळे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, पण त्यासाठी जवळजवळ प्रत्येक सूर किंचित खोटा ठेवावा लागतो. जगभर असंच करतात आणि आपल्या कानांना त्याची सवय झालेली आहे. तुमचा पियानो तसा नव्हता. त्याचा प्रत्येक सूर एकाच सा-ला धरून, तंबोऱ्याइतका चोख लावलेला होता. सा होता काळी चार, आपल्याकडच्या बायका गातात ती पट्टी. दुसऱ्या पट्टीत वाजवलं तर तो भांडी पडल्यासारखा वाजतो. त्या एका पट्टीत काय होतं ते मला अजून कळायचं होतं, कारण मधलं सप्तक आता पुण्याचं झालं होतं.

"हे कुणी लावायचं, दादा?"

"मिरजंचा यासीन येतो की दरसाल. तंबोरेवाला. त्याचा बा यायचा आदी. मला वाटलं, त्यो ऱ्हाऊ दे, पुण्याचा मानूस चांगला असंल."

यासीनभाई तासाभरात स्कूटरवरून आले. पियानोची लोखंडी किल्ली सोबतच होती, त्यांच्या वडिलांची, मौलाचाचांची. त्यांनी मधल्या सप्तकावरून बोटं फिरवली आणि कुणीतरी मेल्यासारखा चेहरा केला. मग ट्यूनरकडे बघून म्हणाले, "तुमची चूक न्हाई साहेब. तुमाला कुनी सांगितलंच न्हाई. सांगायचं न्हाई अशीच बोली हुती."

ती बोली मला त्या दिवशी कळली. तुमचा मुंबईचा ट्यूनर यायचा बंद झाला, पियानो ओलीने उतरला, तेव्हा तुम्ही मिरजेला जाऊन मौलाचाचांना घेऊन आलात. तारा याही आणि त्याही, असा तुमचा हिशेब. चाचांनी झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाले, "बाई, ह्यात दोनशेच्या वर तारा हायती. सतार लाजंल." आणि मग मिरजेचा कुठलाही तंबोरेवाला गिऱ्हाइकाला पहिल्यांदा जे विचारतो तेच त्यांनी तुम्हाला विचारलं. "तुमची पट्टी कुठली?" तुम्ही हसलात, पियानोला पट्टी नसते म्हणालात. त्यांनी किल्ली खाली ठेवली. "पट्टी न्हाई तर मी लावू कशाला धरून?" शेवटी तुम्ही कंटाळून म्हणालात, धरा काळी चार. लहानपणी शिराळ्यात तुम्ही त्याच पट्टीत गायचात.

चार दिवस लागले त्यांना. पाचव्या दिवशी तुम्ही वाजवायला बसलात, तुमच्या अभ्यासक्रमातलं काहीतरी, आणि डोक्याला हात लावलात. सगळा सत्यानाश झाला होता. चाचा दारात उभे होते. म्हणाले, "इंग्रजी ऱ्हाऊ द्या. सा-पंचम दाबा आन् गप बसा." तुम्ही दाबलंत आणि गप बसलात. यासीनभाई सांगतात, अब्बा घरी येऊन म्हणाले, बाई दुपारपर्यंत उठल्या न्हाईत.

तेव्हा दोघांनी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. पियानोच्या प्राध्यापिकेने तंबोरेवाल्याकडून पियानो लावून घेतला हे कॉलेजात कळलं असतं तर तुमचं हसं झालं असतं. चाचांना उस्तादांची भीती. ते म्हणाले असते, मौला आता इंग्रजी पेट्या लावायला लागला. चाचा गेले, पण तुम्ही शब्द मोडला नाहीत. पुण्याच्या सभागृहात टाळ्या पडल्या तेव्हा नाही, बाड परत आलं तेव्हा नाही, आणि मी घाटात तुमच्याशी भांडत होते तेव्हाही नाही. एक वाक्य बोलला असतात तर सगळं सुटलं असतं. त्या वाक्याऐवजी तुम्ही 'घरी ये' म्हणत राहिलात, कारण सांगायला बंदी होती, ऐकवायला नव्हती. तुमच्या या हट्टाचा मला आजही राग आहे, बाई. आणि असा शब्द पाळणारं माणूस मला गुरू म्हणून मिळालं, याचा ऊर भरून येईल इतका अभिमानही आहे.

यासीनभाईंनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम केलं. पुण्याचे ट्यूनर गेले नाहीत. एक तार बोलताना शेजारच्या तारा गप्प ठेवाव्या लागतात, त्यासाठी ते नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या धरून त्यांच्या बाजूला उभे राहिले. कपाटात तुमची एक वही सापडली. चाचांनी सांगितलेलं तुम्ही त्यांच्याच बोलीत शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतंत. 'पंचम सा-च्या पोटात बसला पायजे. गंधार आपन लावायचा न्हाई. त्यो आपसूक येतो. आला की त्याच्या मापानं तार वढायची.' ट्यूनरनी ते वाक्य स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं.

मग मी बसले. आधी नळावर जाऊन हात धुतले, ते तुम्हाला सांगायला हवं. 'नागपंचमी, दुपारी' लावली आणि पहिल्या थांब्याशी आले. खर्जातला सा, पंचम, पेडल. आठ मात्रा.

बाई, तो आला. तिसऱ्या मात्रेला, कुठूनही नाही, माझं एकही बोट त्याच्यावर नसताना, वरून गंधार उमलला. तंबोऱ्यात येतो तसाच, पण सगळा पियानोच त्याच्यासोबत बोलायला लागला. मी ज्याला रिकामं म्हटलं होतं तिथे तुम्ही गंधाराला जागा करून ठेवली होती. तो कागदावर नव्हता, कारण तो लिहायचाच नव्हता, येऊ द्यायचा होता. आणि सभागृहातल्या पियानोवर तो येऊच शकत नव्हता, तिथली गंधाराची तार त्याच्या मापाची नव्हती. माझे कान चुकले नव्हते आणि तुमची रचनाही चुकली नव्हती. आपण दोघी घाटात एवढ्या भांडलो, त्यात दोघींचंही बरोबर होतं.

सुभेदार दादा दाराशी उभे होते, हातात दोराचा नकाशा. रचना संपली तरी हलले नाहीत. मग म्हणाले, "ही आमच्या आईची पंचिम हाय."

"गाणं ओळखलंत?"

"गानं न्हाई. बायका फेर धरायच्या ना, आन् मधीच दम घ्यायला थांबायच्या. गानं न्हाई, पाय न्हाई. पर हवंत कायतरी ऱ्हायचं. बहीन लहान हुती तवा मला इचारायची, दादा, आता कोन गातंय? मी म्हनायचो, कोन न्हाई, गप." त्यांनी नकाशाची घडी केली आणि खिशात घातली. "ह्यो डबा आता हितनं हालत न्हाई."

पुण्याच्या कपाटाकडे मी फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी रेकॉर्डिंग पाठवा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, नाही पाठवत, घरी येऊन ऐका. तुमचीच विद्यार्थिनी आहे, आता हट्ट मला जमतो. आल्या त्या पुढच्या आठवड्यात. जुन्या मुलींना कळवलं होतं, तर एवढ्या आल्या की जिन्यात बसल्या. माझ्या भावाने तासगावहून द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या. ट्यूनर स्वतःच्या खर्चाने परत आले. यासीनभाईंना मी कोपऱ्यात घेऊन विचारलं, की आता सांगू का? ते म्हणाले, "सांगा आता. दोगंबी गेली. पर अब्बांचं नाव नीट घ्या." घेतलं. सगळ्यांसमोर, पूर्ण घेतलं.

पहिला थांबा आला. मी मात्रा मोजल्या नाहीत. घरात, जिन्यात, खाली गेटापाशी, कुणी टाळी वाजवली नाही. गंधार आला आणि दारातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी नकळत हात जोडले. सगळ्या थांब्यांत तो आला. शेवटच्या थांब्यानंतर तुम्ही पुढे काही लिहिलेलंच नाही. मी पेडलवरचा पाय तो पूर्ण विरेपर्यंत उचलला नाही. मग ज्या टाळ्या पडल्या त्या मी तुमच्यासाठी सांभाळून ठेवल्या आहेत. पुण्याच्या बाईंनी नोटेशन उलटसुलट करून बघितलं आणि मला विचारलं, "मॅडम, त्या थांब्यात जो सूर येतो तो यात कुठे आहे?"

"त्यात नाहीये," मी म्हटलं. "तो आपसूक येतो."

एकोणतीस रचना, चाचांची वही आणि याच पियानोवरचं रेकॉर्डिंग, सगळं एकत्रच ठेवायचं असं ठरलं. एकाशिवाय दुसरं देणार नाही, हे मी निक्षून सांगितलं. कप्प्यावर तुमचं नाव आहे आणि खाली 'पियानो सुरात लावणारे' म्हणून मौलाचाचांचं आणि यासीनभाईंचं. पियानो घरातच आहे. किल्ली यासीनभाईंकडे आणि घराची चावी दादांकडे. ते आता महिन्यातून एकदा शिराळ्याहून येतात, सा आणि पंचम दाबतात आणि बसतात.

जुनं मत रद्द करून मी नवं लिहून दिलं. या वेळी नाव घातलं. ते अर्ध्या पानाचं आहे आणि 'कोरड्या' हा शब्द त्यात नाही. शेवटी, तुमच्याच अंबाड्यातल्या लाल पेन्सिलीने, तुम्ही कधी कुणाला दिले नाहीत ते मार्क मी तुम्हाला दिलेत. दहापैकी दहा. दहा दिले की माणूस परत येत नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही तशाही येणार नाही आहात, म्हणून दिले.

माझे मात्र आठच राहू द्यात, बाई. ते दोन तुम्ही बरोबर कापलेत.